प्रथिनाला केंद्रकाची वाट कोण दाखवतं?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. पहिला: रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर, तयार झालेलं प्रथिन पेशीद्रवातून केंद्रकापर्यंत कसं जातं, त्याला वाट कोण दाखवतं? दुसरा: तुम्ही १२ किलोडाल्टनच्या (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) एका प्रथिनाला जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन जोडलं आणि हेला पेशींमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या पेशींमध्ये, ते केंद्रकात चमकताना दिसलं, मग त्या प्रथिनात केंद्रकात नेणारी खूण, म्हणजे एनएलएस, आहे असं प्रबंधात लिहायचं का? दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. एवढ्या पुराव्यावर लिहू नका. का, ते पहिला भाग नीट कळला की आपोआप लक्षात येईल.

पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत रायबोसोमपासून केंद्रकाच्या भोकापर्यंत एक सुबक वळणदार बाण काढलेला असतो. माझ्या मते या विषयातला सगळ्यात जास्त गैरसमज त्या बाणाने केला आहे. तो बघून वाटतं की प्रथिनाला दिशा ठाऊक आहे, किंवा कुणीतरी त्याला हाताला धरून नेतं. बहुतेक प्रथिनांच्या बाबतीत यातलं काहीच खरं नाही. प्रथिन पाण्याच्या रेणूंचे धक्के खात नुसतं भटकत असतं. ते भटकणं किती वेगाचं असतं याचा अंदाज नसतो म्हणून आपण वाटाड्या शोधायला लागतो. जीएफपीसारखं २७ किलोडाल्टनचं प्रथिन पेशीद्रवात पाण्यातल्यापेक्षा तीन-चार पट हळू पसरतं, कारण तिथे दादरच्या पुलावर संध्याकाळी असते तशी रेटारेटी असते. तरीही त्याचा विसरण गुणांक, म्हणजे असं भटकत पसरण्याच्या वेगाचं माप, सेकंदाला २५ चौरस मायक्रोमीटरच्या आसपास भरतो. अनेक प्रथिनांच्या मोठ्या जुडग्यासाठी तो १० धरा. १० मायक्रोमीटर अंतर तोडायला किती वेळ? अंतराचा वर्ग, भागिले सहा गुणिले १०. म्हणजे दीड-दोन सेकंद. एवढ्या वेळात प्रथिन केंद्रकाच्या भिंतीला धडकून परतही फिरलेलं असतं, आणि दिवसभरात हे असंख्य वेळा घडतं. भिंतीपाशी पोचणं ही अडचणच नाही. दार उघडतं का, आणि आत गेल्यावर परत बाहेर येणं अडतं का, सगळा प्रश्न एवढाच आहे.

याला एक मोठा अपवाद आहे, तो मज्जापेशीचा. पाठीच्या कण्यातून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा अक्षतंतू जवळपास मीटरभर लांब असतो. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे वरचंच गणित एका मीटरला लावलं तर उत्तर पाचशे वर्षांच्या पुढे जातं. तिथे मायक्रोट्यूब्युलच्या रुळांवरून डायनिन ही मोटर प्रथिनं खरोखर ओढत आणते, सेकंदाला मायक्रोमीटरच्या आसपास वेगाने, म्हणजे मीटरभराला दहा-बारा दिवस. टोकाकडे नस दुखावली की तिथेच इंपोर्टिन बीटा हे केंद्रकात नेणारं वाहक प्रथिन नव्याने तयार होतं आणि दुखापतीची बातमी असलेली प्रथिनं त्याच्या जोडीने डायनिनवर बसून केंद्रकाकडे निघतात. विषाणूही हाच मार्ग धरतात. नागिणीच्या किंवा ओठावरच्या हर्पिसच्या विषाणूचं कवच विसरणावर विसंबण्याइतकं लहान नसतं, म्हणून ते डायनिन पकडतं. पण हेला पेशीत, यकृताच्या पेशीत, यीस्टमध्ये सर्वसाधारण प्रथिनाला रूळ लागत नाहीत.

आता दाराकडे येऊ. केंद्रकाभोवती दुहेरी पटल असतं आणि त्यात केंद्रकरंध्रं असतात. माणसाच्या एका पेशीत साधारण दोन ते पाच हजार. प्रत्येक रंध्र सुमारे १२० नॅनोमीटर रुंदीचं, आठ सारख्या पाकळ्यांचं, तीसेक प्रकारच्या प्रथिनांच्या शेकडो प्रतींनी बनलेलं असतं, आणि त्याचं वजन ११० मेगाडाल्टनच्या वर जातं. रायबोसोम आपल्याला अजस्र वाटतो, पण हे त्याच्या पंचवीसपट भारी आहे. मधली वाट मोकळी नसते. विहिरीच्या कठड्यावरून शेवाळाचे धागे पाण्यात लोंबावेत तशी काही प्रथिनांची सैल टोकं त्या वाटेत लोंबत असतात. त्यांना निश्चित घडी नसते आणि त्यांत फेनिलॲलनिन-ग्लायसिन ही जोडी पुन्हा पुन्हा येते, म्हणून त्यांना एफजी प्रथिनं म्हणतात. या जाळ्यातून साधारण ४० किलोडाल्टनपर्यंतची प्रथिनं आपली आपण पाझरतात. त्याहून मोठं काही असेल तर ते अडतं. ४० हा आकडा तलवारीची धार नाही. ३० पासूनच गती मंदावते आणि ६० चं लांबट प्रथिनही कधीकधी हळूहळू शिरतं. तुमचं १२ अधिक २७ बरोबर ३९ होतात, हे इथे लिहून ठेवा.

मोठ्यांना आत जायला खूण लागते, हे कसं कळलं तो इतिहास मला फार प्रिय आहे. १९८२ मध्ये डिंगवॉल, शार्नहॉर्स्ट आणि लास्की यांनी बेडकाच्या अंडपेशीतलं न्यूक्लिओप्लाझ्मिन घेतलं. हे पाच भागांचं प्रथिन. प्रत्येक भागाला एक शेपूट. त्यांनी विकराने (एन्झाइमने) शेपट्या कापल्या आणि उरलेला गाभा पेशीद्रवात टोचला. तो आकाराने लहान होऊनही बाहेरच राहिला. पाचांपैकी एकच शेपूट शिल्लक ठेवली, तर ते आत गेलं. आणि बिनशेपटीचा गाभा थेट केंद्रकात टोचला तर तो तिथेच राहिला, बाहेर आला नाही. म्हणजे शेपटीचं काम आत टिकवून ठेवण्याचं नव्हतं, आत नेण्याचं होतं. एका प्रयोगात दोन शक्यता वेगळ्या करणारी अशी मांडणी क्वचित जमते. प्रयोगाची आखणी शिकवताना मी अजूनही हेच उदाहरण घेतो.

दोनच वर्षांनी, १९८४ मध्ये, कॅल्डरॉन आणि सहकाऱ्यांनी एसव्ही-४० विषाणूच्या टी प्रतिजन या प्रथिनातली खूण सात अमिनो आम्लांपर्यंत आणून ठेवली: प्रोलीन, मग तीन लायसिन, आर्जिनीन, लायसिन, व्हॅलिन. त्यातलं १२८ व्या जागेवरचं एक लायसिन बदललं की अख्खं प्रथिन पेशीद्रवात अडकून पडतं. उलट, जन्मात कधी केंद्रक न पाहणाऱ्या पायरुव्हेट कायनेजला हा तुकडा चिकटवला की ते आत जातं. हे दोन्ही बाजूंनी तपासलेलं आहे: खूण काढली की जात नाही, आणि खूण परक्याला दिली की तो जातो. तुमच्या प्रबंधाला नेमकं हेच हवं आहे. आज जनुक संपादनासाठी वापरतात ते कॅस-९ जिवाणूचं आहे. जिवाणूला केंद्रकच नसतं, त्यामुळे कॅस-९ कडे पत्ता नसतो. त्याचं वजन १६० किलोडाल्टन, म्हणजे पाझरून जाण्याचाही प्रश्न नाही. म्हणून आपण त्याला बहुधा एसव्ही-४० ची हीच सात अक्षरं जोडतो.

ही खूण वापरून झाल्यावर कापून टाकली जात नाही. मायटोकाँड्रियात जाणाऱ्या बहुतेक प्रथिनांची पत्त्याची शेपूट पोचल्यावर छाटली जाते. केंद्रकाच्या प्रथिनांना तसं परवडणार नाही, कारण आपल्या पेशी विभागताना केंद्रकाचं पटलच विरघळतं, सगळा माल पेशीद्रवात सांडतो आणि नवीन पटल तयार झाल्यावर प्रत्येकाला पुन्हा आत यायचं असतं. दुसरा फरक असा की मायटोकाँड्रियात प्रथिन घडी उलगडून, दोऱ्यासारखं ओढलं जातं. केंद्रकात ते घडी घातलेलंच जातं. कधी जोडीदारासकटही जातं, आणि मग स्वतःची खूण नसलेलं प्रथिन खूणवाल्याच्या बरोबरीने आत शिरतं.

खूण वाचतं कोण, हे शोधायला ॲडम, मार आणि जेरास यांनी १९९० मध्ये जी पद्धत दिली ती मी स्वतः शेकडो वेळा केली आहे. डिजिटोनिन हे पटलाला भोकं पाडणारं रसायन कोलेस्टेरॉलला धरतं. पेशीच्या बाहेरच्या पटलात कोलेस्टेरॉल भरपूर, केंद्रकाच्या पटलात अगदी कमी. त्यामुळे बर्फावर पाच मिनिटं सौम्य डिजिटोनिन दिलं की बाहेरची भिंत चाळणीसारखी होते, पेशीद्रव धुऊन निघतं आणि केंद्रक शाबूत राहतं. मग त्यात खूण जोडलेलं, चमकणारं अल्ब्युमिन घाला. काही होत नाही. बफरमध्ये केंद्रकं काळीच दिसतात. आता सशाच्या रेटिक्युलोसाइटचा, म्हणजे कोवळ्या तांबड्या रक्तपेशींचा, अर्क आणि ऊर्जा घाला, वीस मिनिटं थांबा, आणि काळ्या गोलांच्या जागी एकेक केंद्रक दिव्यासारखं उजळलेलं दिसतं. मी पहिल्यांदा हे पाहिलं त्या रात्री घरी जायला निघून परत वर आलो होतो, पुन्हा एकदा बघायला. बर्फावर केलं तर केंद्रकाच्या कडेला फक्त बारीक कंगोरा चमकतो: माल दाराशी चिकटला आहे, आत गेलेला नाही. गव्हाच्या अंकुरातलं लेक्टिन घातलं तरी तसंच होतं, कारण ते रंध्रातल्या प्रथिनांवरच्या साखरेला धरून वाट बुजवतं. अर्काचे भाग करत करत त्यातून इंपोर्टिन अल्फा, इंपोर्टिन बीटा आणि रॅन सापडले. अल्फा खूण वाचतं, बीटा अल्फाला धरतं आणि रंध्राशी बोलतं. सगळ्या प्रथिनांना अल्फा लागतंच असं नाही. माणसात बीटाची पुष्कळ भावंडं आहेत आणि त्यांतली काही कार्गो, म्हणजे वाहून न्यायचं प्रथिन, थेट उचलतात.

जाळ्यातून इंपोर्टिन पार कसं होतं? त्याच्या पाठीवर फेनिलॲलनिन बसतील असे खळगे असतात. एफजी धाग्यांना ते क्षणभर धरतं, सोडतं, दुसऱ्याला धरतं. पकड फार घट्ट असती तर ते मध्येच रुतलं असतं, आणि अजिबात नसती तर शिरलंच नसतं. धागे एकमेकांत गुंतून जेलीसारखी गाळणी करतात की ब्रशच्या केसांसारखे झुलून इतरांना दूर ठेवतात, यावर या क्षेत्रात वर्षानुवर्षं वाद आहे. १,६-हेक्सेनडायॉल नावाचं, तेलकट बंध सैल करणारं रसायन दिलं की दार सगळ्यांनाच उघडतं, म्हणून मी स्वतः पहिल्या बाजूला झुकतो. एका कार्गोला पार व्हायला दहाएक मिलिसेकंद पुरतात आणि एक रंध्र सेकंदाला हजारभर पारगमनं झेपवू शकतं.

आणि इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येते. पार होण्याच्या त्या दहा मिलिसेकंदांत जीटीपी जळत नाही, एटीपी जळत नाही, म्हणजे पेशीचं इंधन खर्च होत नाही. आत जाणं आणि बाहेर येणं, रंध्राला दोन्ही सारखंच. मग दिशा येते कुठून?

दिशा रॅनमुळे येते. रॅन हे २५ किलोडाल्टनचं छोटं प्रथिन. त्याच्या खिशात जीटीपी किंवा त्याचा एक फॉस्फेट तुटून उरलेलं जीडीपी असतं. जीडीपी काढून जीटीपी घालणारं प्रथिन, आरसीसी-१, हे क्रोमॅटिनला, म्हणजे डीएनए आणि त्याच्या प्रथिनांच्या गुंत्याला, चिकटलेलं असतं, म्हणजे फक्त केंद्रकात. जीटीपी तोडायला लावणारं रॅनगॅप फक्त बाहेर असतं, आणि त्यातलं बरंच रंध्राच्या बाहेरच्या तंतूंवरच बसलेलं. रॅनला एकट्याने जीटीपी तोडायला फार वेळ लागतो. रॅनगॅप ते काम लाखपट वेगाने करून घेतं. या दोघांच्या वाटणीमुळे आत रॅन-जीटीपीची गर्दी आणि बाहेर जवळपास शून्य, असं चित्र कायम राहतं. इंपोर्टिन बीटा कार्गो घेऊन आत डोकावलं की रॅन-जीटीपी त्याला येऊन धरतं आणि कार्गो सुटतो. सुटलेल्या कार्गोला आता वाहक नाही, मोठा असल्यामुळे पाझरताही येत नाही, म्हणून तो आतच राहतो. बीटा रॅन-जीटीपीसकट बाहेर जातं, तिथे रॅनगॅप जीटीपी तोडतं आणि बीटा पुढच्या फेरीला मोकळं होतं. अल्फाला बाहेर आणायला सीएएस हा वेगळा वाहक आणि आणखी एक रॅन-जीटीपी लागतो. म्हणजे एका नेहमीच्या कार्गोमागे दोन जीटीपी खर्च होतात, आणि तो खर्च ढकलण्यासाठी नसून आत आणि बाहेर यांतला फरक टिकवण्यासाठी असतो. बाहेर गेलेलं रॅन-जीडीपी एनटीएफ-२ परत आत आणतं.

हे नुसतं सुंदर स्पष्टीकरण नाही, ते तपासलेलं आहे. १९९९ मध्ये नाचुरी आणि वाइस यांनी डिजिटोनिन दिलेल्या पेशींत बाहेरच्या बाजूला रॅन-जीटीपी भरपूर ठेवलं. वाहतूक उलटी झाली. बाहेर पडण्याची खूण असलेली प्रथिनं आत जायला लागली. दार तेच, वाहक तेच, फक्त रॅनची बाजू बदलली. तुमच्या ‘वाट कोण दाखवतं’ या प्रश्नाला माझ्याकडे याहून नेमकं उत्तर नाही: वाट कुणी दाखवत नाही, पोचल्यावर सोडवून घेणारा आत बसलेला असतो.

पेशी या व्यवस्थेचा वापर कळ दाबण्यासारखा करते. खूण झाकली की प्रथिन बाहेर, उघडली की आत. दाहाची जनुकं चालू करणाऱ्या एनएफकॅपाबी या प्रथिनाला आयकॅपाबी हे दुसरं प्रथिन झाकून ठेवतं. दाहाचा संदेश आला की आयकॅपाबी नष्ट केलं जातं आणि अर्ध्या तासाच्या आत एनएफकॅपाबी केंद्रकात असतं. एनफॅट या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाची खूण फॉस्फेटांनी दडलेली असते. टी पेशीत कॅल्शियम वाढलं की कॅल्सिन्यूरिन हे विकर ते फॉस्फेट काढतं, एनफॅट आत जातं आणि इंटरल्यूकिन-२ या, टी पेशींना हल्ल्यासाठी वाढवणाऱ्या संदेशकाचं जनुक चालू होतं. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या माणसाला रोज जी टॅक्रोलिमसची गोळी घ्यावी लागते ती कॅल्सिन्यूरिन थांबवते. एक प्रथिन केंद्रकाबाहेर राहावं आणि नवं मूत्रपिंड टिकावं, यासाठी ती गोळी असते. कोव्हिडच्या काळात घराघरांत नाव पोचलं त्या डेक्सामेथासोनचं उलट आहे. त्याचा ग्राही, म्हणजे त्या औषधाला धरणारं प्रथिन, एचएसपी-९० या दुसऱ्या प्रथिनाच्या सोबतीने पेशीद्रवात असतो, औषध बसलं की वीस-तीस मिनिटांत केंद्रकात जमा होतो. हा ग्राही डायनिनच्या रुळांवरून जातो असं तुम्ही वाचलं असेल. जातो, पण मायक्रोट्यूब्युल मोडून टाकले तरी तो विसरणाने पोचतोच.

ही व्यवस्था बिघडली तर काय होतं, हे एएलएस या, स्नायू चालवणाऱ्या मज्जापेशी मरत जाण्याच्या आजारात दिसतं. एफयूएस प्रथिनाच्या शेवटी एक वेगळ्या घडणीची खूण असते, ट्रान्सपोर्टिन हे इंपोर्टिन बीटाचं भावंड वाचतं ती. तिच्यातलं ५२५ वं प्रोलीन ल्यूसिन झालं की प्रथिन पेशीद्रवात साचतं, आणि हा बदल असलेल्यांना आजार फार लहान वयात, फार वेगाने होतो. एका अक्षराचा फरक.

आता तुमचं ३९ किलोडाल्टन. सुरुवातीच्या वर्षांत मीही एका लहान प्रथिनाबद्दल हीच चूक केली आणि आठ महिने एका खुणेचा पाठलाग केला जी नव्हतीच. नुसती जीएफपी पेशीत घातली तरी ती केंद्रकात दिसते, बऱ्याचदा पेशीद्रवापेक्षा उजळही, कारण केंद्रकाच्या जागी पेशी जाड असते आणि तिथे अंतःपटलं नसतात. म्हणून पहिलं काम: तुमच्या प्रथिनाला एकाऐवजी तीन जीएफपी जोडा, किंवा बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे मोठं प्रथिन. आकार ९० च्या पुढे गेल्यावरही ते आत साठत असेल तर बोलायला जागा आहे. मग संशयित तुकड्यातले लायसिन-आर्जिनीन ॲलनिन करा आणि ते थांबतं का पाहा. मग तेवढाच तुकडा एखाद्या परक्या, मोठ्या प्रथिनाला जोडा आणि ते जातं का पाहा. संगणकाने दाखवलेल्या एनएलएसवर विश्वास टाकू नका. लायसिनचे पुंजके आरएनए धरणाऱ्या प्रथिनांत सर्रास असतात. चित्र कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर, केंद्रकाच्या मधोमध कापलेल्या प्रतलात घ्या, नाहीतर केंद्रकावर पसरलेलं गॉल्जी तुम्हाला फसवेल. पेशीचे भाग वेगळे करून ब्लॉट (प्रथिन ओळखण्याची चाचणी) करणार असाल तर लॅमिन हे केंद्रकातलं आणि ट्यूब्युलिन हे पेशीद्रवातलं प्रथिन, दोन्ही दाखवा, केंद्रकाचा भाग पेशीद्रवाने बरबटलेला नाही हे कळायला.

आणि एक तपासणी उलट दिशेची. बरीच प्रथिनं आत-बाहेर सतत ये-जा करतात. बाहेर पडायला ल्यूसिनने भरलेली खूण आणि सीआरएम-१ हा वाहक लागतो, इथे रॅन-जीटीपी कार्गो सोडवण्याऐवजी धरून ठेवायला मदत करतं. ये-जा करणाऱ्या प्रथिनाचं स्थिर चित्र पाहिलं तर ते ‘पेशीद्रवातलं’ वाटतं, जरी ते दर काही मिनिटांनी केंद्रकात जाऊन येत असलं. लेप्टोमायसिन बी सीआरएम-१ च्या ५२८ व्या सिस्टीनला कायमचं चिकटतं आणि बाहेरची वाट बंद करतं. तुमच्या तीन जीएफपीच्या पेशींना २० नॅनोमोलर लेप्टोमायसिन द्या, शेजारच्या डिशला नुसतं इथेनॉल, आणि तासभर दर दहा मिनिटांनी त्याच पेशींची चित्रं घ्या. लेप्टोमायसिनच्या डिशमध्ये केंद्रक भरत गेलं आणि इथेनॉलच्या डिशमध्ये नाही, तर प्रथिन आधीपासून आत जात होतं आणि परत पाठवलं जात होतं. दोन्हींत काहीच बदललं नाही, तर मला पुन्हा लिहा, पण तेव्हा नुसत्या जीएफपीचंही चित्र सोबत जोडा.